गोळीनं आकडा उतरतो, पण...

होमोसिस्टीनवरच्या एका लेखात म्हटलंय, रक्तातलं हे अमिनो ॲसिड वाढलं की बी-12 आणि फॉलिक ॲसिड ही व्हिटॅमिन घ्या, हार्ट अटॅक टळेल. हे अर्धंच झालं. अमेरिकन डॉक्टर किल्मर मॅककली यांनी 1969 मध्ये होमोसिस्टीन आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराचा संबंध मांडला, त्याला पुढं आधारही मिळाला. पण 2006 मध्ये आलेल्या होप-2 आणि नॉर्व्हिट या चाचण्यांत गोळ्यांनी आकडा उतरला, हार्ट अटॅक काही कमी झाले नाहीत. होप-2 मध्ये पक्षाघात तेवढे घटलेले दिसले.

म्हणून तपासणीच नको, असंही नाही. कोल्हापूर म्हटलं की लोकांना तांबडा-पांढराच दिसतो, पण इथं माळकरी घरंही भरपूर आहेत. मांस-अंडं वर्ज्य, दूध चहापुरतं, त्यात शुगरसाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन, मग बी-12 घसरतं आणि होमोसिस्टीन 15 मायक्रोमोल प्रति लिटरच्या वर जातं. पायाला मुंग्या येत असतील तर आधी बी-12 बघून घ्या. बी-12 कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड सुरू केलं तर रक्ताचा रिपोर्ट सुधारतो आणि मज्जातंतू आतून खराब होत राहतात! हे लेखात यायलाच हवं होतं.

बाकी बीपीची गोळी बंद करून व्हिटॅमिन खाणारे महाभाग आमच्या पेठेतच आहेत, त्यांना कोण सांगणार?