आमच्या विहारात ऐकायला कोण येतं?

शनिवारी संध्याकाळी साडेसातला मी इकडे अमेरिकेत घरी पोचते तेव्हा नागपुरात रविवारची सकाळ आठची झालेली असते आणि आई विहारात जायच्या घाईत असते. वर्षावास चालू आहे ना. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने आमच्या उत्तर नागपुरातल्या विहारात बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन असतं, एक जण वाचतो, पांढऱ्या साड्या नेसलेल्या बाया सतरंजीवर बसून ऐकतात, मधेच कोणीतरी अडवतं की थांबा जी, हे पुन्हा वाचा, मग बौद्धाचार्य आपल्या भाषेत समजावून सांगतात, आणि शेवटी खिरीचं वाटप. मी लहानपणी त्या सतरंजीवर आईच्या मांडीला डोकं लावून कितीतरी वेळा झोपलीये.

परवा फोनवर तिला सांगितलं की मी पण वाचनालाच गेले होते.

"तिकडं काय वाचता वं तुम्ही?"

"वंशभेदाचं. गोऱ्या-काळ्यांचं."

"गोरे पण बसतात?"

"तेच जास्त आहेत, आई."

ती जरा थांबली. मग म्हणाली, "अन् ऐकून घेतात?"

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय.

मी कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडला राहते, अकरा वर्षं झाली. इथे एका छोट्या ध्यान-संघात जाते. विपश्यनेची परंपरा, म्हणजे आपल्या इगतपुरीच्या धम्मगिरीसारखीच, मुळं ब्रह्मदेशातली, फक्त इथे ती सत्तरच्या दशकात आशियात शिकून परत आलेल्या तरुण गोऱ्या अमेरिकन लोकांनी रुजवली. त्यामुळे संघात बहुतेक गोरे, शिकलेले, बऱ्यापैकी पैसेवाले. मे २०२० मधे मिनियापोलिसला पोलिसानं जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर नऊ मिनिटांहून जास्त वेळ गुडघा दाबून त्याचा जीव घेतला तेव्हा देशभरातल्या अशा अनेक संघांनी निवेदनं काढली, आमच्याही संघानं काढलं, आणि मग कोणीतरी विचारलं की निवेदन झालं, आता पुढे काय? त्यातून हे वाचन सुरू झालं. मी दोन वर्षांपूर्वी जॉईन झाले.

पद्धत साधी आहे. एक शनिवार सोडून एक शनिवारी, दहा-अकरा जण. पुस्तक एकच, प्रत्येकानं आळीपाळीनं एक पान मोठ्यानं वाचायचं. वाचून झालं की दोन मिनिटं कोणी काही बोलायचं नाही. मग एकेकानं बोलायचं, पण फक्त स्वतःबद्दल, "लोक असं करतात" हे वाक्य चालत नाही, "मी असं केलं" हे चालतं. दुसऱ्याचं बोलणं तोडायचं नाही, त्याला उत्तर द्यायचं नाही, त्याची समजूत घालायची नाही. महिन्यातून एकदा गोरे वेगळ्या खोलीत आणि बाकीचे वेगळ्या खोलीत बसतात, नंतर परत एकत्र. हे वेगळं बसणं मला सुरुवातीला फार खटकलं, धम्मात येऊन पण वेगळ्या पंगती? पण नंतर कळलं की गोऱ्यांना जे लाजिरवाणं बोलायचं असतं ते एखाद्या ब्लॅक माणसासमोर बोलून त्याच्यावर तो भार का टाकायचा, त्यांचं त्यांनी आधी निस्तरावं, म्हणून ते.

पहिल्याच महिन्यात एक साठीचे गृहस्थ म्हणाले, तीस वर्षं ध्यान करणारे, अत्यंत प्रेमळ माणूस, की बुद्धानं अनात्म शिकवलं, 'मी' म्हणूनच काही नाही तर गोरा काय आणि काळा काय, मी तर कोणाचा रंग बघतच नाही, मग हे पुस्तक वाचून आपण भेद उलट पक्का करत नाही का?

खरं सांगते, माझ्या पोटात गोळा आला. कारण हे वाक्य मी पुण्याच्या हॉस्टेलवर मराठीत ऐकलेलं होतं, अगदी असंच. "आम्ही कुठे जात मानतो? तुम्हीच सारखी काढता." बोलणारी मुलगी चांगली होती, माझी मैत्रीण होती, फक्त तिला तिची जात कधी कोणी विचारलीच नव्हती, आडनाव सांगितलं की काम व्हायचं आणि माझं आडनाव सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर अर्धा सेकंद काहीतरी हलायचं. ते अर्ध्या सेकंदाचं हलणं तिला दिसायचं कारण नव्हतं.

वसलसुत्तात आहे, आमच्या विहारात पोरांना पाठ असतं, न जच्चा वसलो होति, न जच्चा होति ब्राह्मणो. जन्मानं कोणी नीच नाही, जन्मानं कोणी ब्राह्मण नाही. पण हे बुद्ध कोणाला सांगतात? त्यांना दारात बघून "तिथेच थांब, वसलका" म्हणून शिवी देणाऱ्या ब्राह्मणाला. म्हणजे भेद करणाऱ्याला समोर उभं करून सांगतात, भेद नाहीच असं मानून गप्प बसत नाहीत. हे मी त्या दिवशी बोलू शकले नाही. नियमाप्रमाणे कोणीच त्या गृहस्थांना उत्तर दिलं नाही. वाचन पुढे चालू राहिलं आणि साताठ महिन्यांनी त्याच माणसानं सांगितलं की त्याच्या वडिलांनी घर घेतलं तेव्हा त्या वस्तीत ब्लॅक कुटुंबांना घर विकायचंच नाही असा करार होता, ते घर विकून आलेल्या पैशावर त्याचं कॉलेज झालं, आणि हे त्याला आयुष्यभर माहीत होतं पण त्यानं कधी त्या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. रडला नाही, सफाई दिली नाही, सांगितलं आणि थांबला. वादात हरवून हे त्याच्याकडून कोणी वदवून घेऊ शकलं नसतं असं मला अगदी मनापासून वाटतं.

दुसरी आठवण एका जपानी-अमेरिकन आजींची. गोऱ्यांपैकी बऱ्याच जणांची समजूत की अमेरिकेत बौद्ध धम्म म्हणजे साठ-सत्तरच्या दशकातली गोष्ट. आजींनी शांतपणे सांगितलं की त्यांच्या आजोबांचं मंदिर त्याच्या कितीतरी आधीचं, आणि १९४२ मधे राष्ट्राध्यक्षांच्या एका हुकुमानं पश्चिम किनाऱ्यावरच्या सव्वा लाखाच्या आसपास जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं तेव्हा बौद्ध पुरोहितांना तर आधीच संशयित म्हणून उचललेलं होतं. त्यांच्या संस्थेनं युद्धाच्या काळात, १९४४ मधे, नावच बदलून 'बुद्धिस्ट चर्चेस ऑफ अमेरिका' करून घेतलं. चर्चेस! धम्म टिकवायला दुसऱ्याच्या धर्माचा शब्द नावात घ्यावा लागला. त्या दिवशी दोन मिनिटांच्या शांततेनंतरही कोणी बोललं नाही.

आता माझ्या स्वतःच्या खोलीबद्दल. गोरे एका खोलीत गेले की आम्ही उरलेले दुसऱ्या खोलीत, आणि त्यात आम्ही दोघं मराठी, मी आणि पुण्याचा एक जण. त्याला मी दादा म्हणते. तिथे आम्ही दोघं सारखेच, "पीपल ऑफ कलर". तो एअरपोर्टवरच्या अपमानाबद्दल बोलायचा, ऑफिसात नाव चुकीचं उच्चारतात त्याबद्दल, सगळं खरं होतं, आणि मी मान हलवायचे. पाच महिने मी माझी जात सांगितली नाही. ऑकलंडला येऊन, बौद्ध संघात बसून, वंशभेदावर वाचताना मी मनात हिशोब करत होते की दादाला माझ्या आडनावावरून कळलं असेल का. आईला हे सांगितलं नाहीये अजून.

मग एक दिवस अमेरिकेचं नागरिकत्व मागणाऱ्या पंजाबच्या भगतसिंग थिंद यांच्या खटल्यावरचं पान नेमकं माझ्या वाट्याला आलं. १९२३ चा निकाल. अमेरिकेत तेव्हा गोऱ्यांना आणि आफ्रिकन वंशाच्यांनाच नागरिकत्व घेता यायचं, आणि थिंद यांच्या बाजूनं कोर्टात असं मांडलं गेलं की हे उच्चजातीय आर्य आहेत म्हणून गोरे आहेत, आणि उच्चजातीय हिंदू खालच्या समजलेल्या इथल्या मूळ रहिवाशांकडे लग्नसंबंधांच्या बाबतीत तसंच बघतो जसा अमेरिकन माणूस निग्रोकडे बघतो. कोर्टानं एकमतानं नाकारलं. पण मांडलं तर होतं! मी ते वाचलं, दोन मिनिटं थांबले, आणि म्हणाले की या वाक्यातली "खालची" मी आहे.

दादा त्या दिवशी काही बोलला नाही. पुढच्या वेळी आला आणि म्हणाला की त्याच्या पुण्याच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींचा कप वेगळा होता, खिडकीत उपडा ठेवलेला असायचा, आणि तो कप त्याला कधी दिसलाच नव्हता.

इथल्या भारतीय लोकांत जातीवरून भांडण काही कमी नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत सिएटलनं जातिभेदावर बंदी आणली, अमेरिकेतलं पहिलं शहर, तो प्रस्ताव क्षमा सावंत यांचा, त्यांचा जन्म पुण्याचा. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात तसाच कायदा दोन्ही सभागृहांत पास झाला आणि ऑक्टोबरात गव्हर्नर न्यूसम यांनी अडवला, का तर आहेत ते कायदे पुरेसे आहेत. ते सगळे महिने आमच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसत्या फॉरवर्डचा पाऊस. एकानंही त्या विधेयकाचा मजकूर वाचलेला नव्हता, मी विचारलं होतं.

आणि आमच्या लोकांच्या मनात ब्लॅक माणसांबद्दल काय असतं तेही बोललं पाहिजे. "त्या एरियात घर घेऊ नका." "मुलगी गोरी हवी." मी स्वतः इथे आल्यावर पहिलं वर्षभर समोरून दोन ब्लॅक मुलं आली की पर्स दुसऱ्या खांद्यावर घ्यायचे. मी! जिच्या आजीला विहिरीवर ताटकळत उभं राहावं लागायचं. ब्लॅक लोकांच्या लढ्यानं १९६४ चा नागरी हक्क कायदा झाला, त्याच लाटेत १९६५ चा इमिग्रेशनचा कायदा झाला, म्हणून आपण इथे आहोत. आणि आपलं नातं त्याहून जुनं आहे. जोतीरावांनी १८७३ मधे 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामी संपवणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ च्या सुमाराला ब्लॅक विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहून निग्रो संघटनेनं युनोला दिलेल्या अर्जाची प्रत मागवली. ब्लॅक पँथर पक्ष १९६६ साली याच ऑकलंडमधे निघाला आणि सहा वर्षांत मुंबईत दलित पँथर उभी राहिली. हे मी ग्रुपमधे सांगितलं तेव्हा एक ब्लॅक ताई, रिटायर्ड शाळामास्तरीण, म्हणाली की मी इथेच लहानाची मोठी झाले, मला हे आजपर्यंत कोणी सांगितलं नाही.

त्याच ताईनं गेल्या हिवाळ्यात ग्रुप सोडला. म्हणाली, मी थकले, प्रत्येक वेळी यांचा धडा मीच व्हायचं का. यांना ऐकून हलकं वाटतं आणि मी घरी जड होऊन जाते. तिचं बरोबर होतं. शिक्षक अजूनही सगळे गोरेच आहेत, शिबिराची फी अजूनही तिच्या पेन्शनीला परवडत नाही. याच शहरात ईस्ट बे मेडिटेशन सेंटर आहे, २००७ पासून, तिथे फी नाही, दानावर चालतं, आणि ती आता तिथे जाते. नुसतं वाचून भागत नाही हे मला तिनं दाखवलं, आणि मी ते संघाच्या मीटिंगमधे दोनदा बोलले आहे, पुन्हा बोलणार आहे.

तरीपण आईच्या प्रश्नाचं उत्तर हो असंच आहे. ऐकून घेतात. उशिरा, अर्धवट, पण बसतात आणि ऐकतात.

आपल्याकडे हेच होत नाही. १९३६ साली लाहोरच्या सवर्ण हिंदू सुधारकांच्या जातपात तोडक मंडळानं बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावलं, भाषणाचा मजकूर वाचला आणि संमेलनच रद्द केलं. बाबासाहेबांनी ते भाषण, म्हणजेच 'जातिनिर्मूलन', पदरच्या खर्चानं छापलं, दीड हजार प्रती. ज्यांच्यासाठी लिहिलं होतं त्यांनी ऐकायच्या आधीच दार लावलं, आणि तेव्हापासून ते भाषण आम्हीच वाचतोय, आमच्या विहारांत, आमच्या बायांसमोर, ज्यांना ते आधीच माहीत आहे. समोरच्या सोसायटीतल्या हॉलमधे ते कधी वाचलं जात नाही. आता जातगणना जाहीर झालीय, तर टीव्हीवर रोज चार चौकटींत चार माणसं ओरडतात, आणि ओरडणाऱ्याला स्वतःच्या घरातला उपडा कप आठवायला वेळच मिळत नाही.

पण मी फक्त समोरच्या सोसायटीकडे बोट दाखवून थांबले तर ते खोटं होईल. ऑगस्ट २०२४ मधे सुप्रीम कोर्टानं अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला, म्हणजे त्यांच्या आरक्षणात आतले वेगळे गट पाडायला, परवानगी दिली तेव्हा आमच्या फॅमिली ग्रुपवर मातंग समाजाच्या वेगळ्या वाट्याच्या मागणीबद्दल जे लिहिलं गेलं ते मला आता त्या साठीच्या गृहस्थांच्या आवाजात ऐकू येतं. "आपण सगळे एकच आहोत, हे फूट पाडताहेत." मीच लिहिलं होतं त्यातलं एक. उपवर्गीकरणाबद्दल माझ्या शंका आजही आहेत, आकडे नीट गोळा केल्याशिवाय करू नये असंच माझं मत आहे. पण आमच्या घरात दोन पिढ्या शिकल्या, मी इथवर आले, आणि आमच्याच गल्लीच्या टोकाला बँड वाजवणाऱ्या घरातून कोण शिकलं हे मी कधी विचारलं का? तिथे मी न ऐकणारी आहे.

हे आईला मी फोनवर बोलले. तिनं विहाराच्या पायरीवर चपला काढता काढता ऐकलं. म्हणाली, "त्यायले बोलवायचं काय वाचनाला?" मी म्हणाले, बोलवायचं नाही आई, आपण जायचं, अण्णाभाऊंचं काही वाचत असतील तर तिथे जाऊन मागे बसायचं. ती म्हणाली बघते.

इकडे मी, दादा आणि अजून तीन मराठी लोकांनी 'जातिनिर्मूलन' मराठीतून वाचायला घेतलंय, रविवारी रात्री, आळीपाळीनं एक पान. दादाला पहिलं पान आलं. त्याचं अडखळत झालं, तिसऱ्या ओळीला थांबला, पाणी प्यायला, परत सुरू केलं. पुढच्या रविवारी माझी पाळी.