‘भरल्या पोटाची भाषा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

ईस्टरआधीचा आम्हा कॅथलिकांचा उपवासकाळ सुरू झाला तेव्हा ‘शुक्रवारचे इस्वण’ हा लेख मी इथे टाकला होता. इस्वण म्हणजे सुरमई, मांस वर्ज्य असलेल्या शुक्रवारी आपल्याकडे हौसेने खाल्ली जाणारी. त्यात माझे म्हणणे एवढेच होते की या चाळीस दिवसांत आपण जे सोडतो ते पुष्कळदा स्वतःच्याच समाधानासाठी सोडतो, आणि तसे सोडणे हीसुद्धा एक चंगळच असते. त्यावर गोव्यातल्या बार्देश तालुक्यातल्या एका वाचकांनी भली मोठी प्रतिक्रिया लिहिली. मी पूर्वजांच्या भक्तीची टिंगल केली, चर्चच्या नियमातून पळवाट काढली, संतांनी देह झिजवला ते मला दिसले नाही, वसईहून येऊन गोंयकारांना कोरेज्म, म्हणजे हा उपवासकाळ, शिकवायला निघाले, असे त्यांचे आरोप आहेत. शेवटी ते लिहितात, ‘बाई, ही भरल्या पोटाची भाषा आहे. ज्याने भूक पाहिली नाही त्याला त्याग म्हणजे दिखावाच वाटणार.’

महोदय, मुद्द्यांआधी तुमच्या भाषेबद्दल बोलते. माझ्या लेखात मी कोणाचे नाव घेतले नव्हते, कोणाच्या घरात डोकावले नव्हते. तुम्ही मात्र थेट माझ्या ताटात डोकावलात. तुम्ही मला ओळखत नाही, माझे माहेर कसे होते हे तुम्हाला ठाऊक नाही, तरी माझ्या पोटाचा हिशेब तुम्ही मांडून मोकळे झालात. हेच वाक्य मला कोणी समोर बसून ऐकवले असते तर मी उठून गेले असते. इथे उत्तर देते आहे, कारण तुमच्या प्रतिक्रियेखाली आणखी काही जणांनी ‘अगदी बरोबर’ असे लिहिले आहे आणि त्यांच्यापर्यंत माझी बाजू जायला हवी.

एक गोष्ट आधीच मान्य करते. उपवास आणि मांसवर्ज्य हे कॅथलिक माणसाच्या मर्जीवर सोडलेले नाही, तो नियम आहे, हे तुमचे म्हणणे बरोबर आहे. उपवासकाळ सुरू करणारा राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार (गुड फ्रायडे) हे दोन दिवस उपवासाचे. चौदा वर्षे पूर्ण झालेल्याने मांस वर्ज्य करायचे. अठरा पूर्ण झाल्यापासून साठावे लागेपर्यंत एकच पूर्ण जेवण घ्यायचे. पोप सहावे पॉल यांनी १९६६ मध्ये हे नियम सैल केले तेव्हाही प्रायश्चित्त हे ईश्वरी आज्ञेचेच आहे असे बजावले होते. नियम पाळूच नका असे मी कुठेही लिहिलेले नाही. तो पाळून झाल्यावर आपल्या मनात काय चालते, त्याबद्दल लिहिले होते. ते तुम्ही वाचलेच नाही असे तुमच्या प्रतिक्रियेवरून दिसते.

आता भुकेबद्दल.

माझे वडील वसईत दुसऱ्याच्या वाडीत राबत. केळीचे घड खांद्यावरून वाहत, पाटाला पाणी लावत. पावसाळ्यात काम आटले की घरात पेज असे, आणि श्रावण सरता सरता तीही पातळ होई. आई सगळ्यांच्या शेवटी बसायची. तिच्या वाट्याला काय उरले हे विचारायचे नसते, एवढे आम्हा भावंडांना न सांगता कळले होते. शेजारच्या घरी मासळी तळली जात असली की धाकटा भाऊ दाराशी जाऊन उभा राही आणि आई त्याला हाताला धरून आत आणी, कारण कोणी बोलावून खायला दिले तर तिला ते सोसले नसते. भूक मी अशी पाहिली आहे. आज माझ्या घरी दोन वेळचे नीट आहे, सासरी कशाची ददात नाही, हे खरे. पण मला भुकेची ओळख नाही हे वाक्य तुम्ही कशाच्या आधारावर लिहिलेत?

आणि ही ओळख असल्यामुळेच मी तो लेख लिहिला. ज्याच्यावर भूक लादली गेली त्याला तिच्यात पावित्र्य दिसत नाही. आई उपवासकाळाच्या दिवसांत आम्हाला म्हणे, ‘तुमचा झालाय बाळांनो उपवास, आता खा.’ हे तिचे अडाणीपण नव्हते. तेराव्या शतकात चर्चचे मोठे धर्मपंडित संत थॉमस अक्वायनस यांनी लिहून ठेवले आहे की दारोदार तुकडे मागून जगणाऱ्याला, ज्याला एका वेळी पोटभर मिळत नाही त्याला, उपवासाची सक्ती नाही. उपवास हा ज्याच्यापुढे अन्न आहे त्याचाच असतो. म्हणजे, महोदय, उपवासाबद्दल बोलायचे तर ते भरल्या पोटानेच बोलावे लागते. तुम्हीही तसेच बोलत आहात.

त्याच घराण्यात माझी एक आत्या होती. चाळीस दिवस एकभुक्त. चहात दूध नाही, पलंगावर झोपणे नाही, शुक्रवारी क्रूसाच्या वाटेच्या प्रार्थनेला सगळ्यात पुढे. अख्खे गाव तिला मानत असे. तिच्या एका जेवणासाठी सून सकाळपासून वेगळी चूल सांभाळायची, कारण आत्याला घरातल्या इतरांच्या भांड्यातले चालत नसे. मीठ कमी पडले तर ताट तसेच परत यायचे आणि आत्या न जेवता प्रार्थनेला बसायची. मग ती उठेपर्यंत सून पदर तोंडाला लावून उभी. संध्याकाळी भुकेने आत्याचे डोके दुखे आणि पोरेटोरे अंगणात पळत. ईस्टरनंतर लोक तिला विचारत, ‘यंदाही पूर्ण केलेत का हो?’ ती हसून नुसती मान हलवी. त्या हसण्यात चाळीस दिवसांचे सगळे जेवण होते. सून काय जेवली, किती झोपली, हे कोणी तिला कधी विचारले नाही. घरातल्या एकाचा उपवास दुसऱ्याच बाईच्या अंगावर पडतो, हे मी फार घरांत पाहिले आहे, वसईत आणि इथे गोव्यातल्या साष्टी तालुक्यातही. तुमच्या प्रतिक्रियेत ‘आमचे आजोबा’ तीनदा आले आहेत. त्यांचे ते उपवासाचे जेवण रांधले कोणी, ते एकदाही आलेले नाही.

आत्यासारख्या माणसांबद्दल मी जे म्हणते ते माझ्या पदरचे नाही. क्रूसाचे संत जॉन हे सोळाव्या शतकातले कार्मेलाइट संघातले स्पॅनिश संन्यासी, स्वतः कडक व्रतस्थ. टोलेडोच्या कोंदट कोठडीत स्वतःच्याच संघाच्या लोकांनी त्यांना सुमारे नऊ महिने डांबले होते. त्यांच्यावर भरल्या पोटाचा शिक्का तुम्हालाही मारता येणार नाही. ते आध्यात्मिक खादाडपणाबद्दल लिहितात. भक्तीच्या वाटेवरचे नवखे लोक प्रायश्चित्ताच्या गोडीने स्वतःला मारून घेतात, झेपत नसताना उपवास करतात, पापनिवेदन ऐकणाऱ्या फादरांचा सल्ला टाळतात, किंवा त्यांनी नको म्हटलेले मुद्दाम करतात. आज्ञापालनाशिवाय केलेल्या अशा देहदंडाला ते पशूंचे प्रायश्चित्त म्हणतात, कारण पशूप्रमाणेच ही माणसेही त्यात मिळणाऱ्या सुखाच्या ओढीनेच तिकडे जातात. हे त्यांनी कोणा ऐषआरामी माणसासाठी लिहिलेले नाही. मठात राहून उपाशी झोपणाऱ्यांसाठी लिहिले आहे.

जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांचे म्हणणे तर मी पूर्ण सांगते, कारण त्यातला अर्धा भाग तुमच्या बाजूचा आहे. ते म्हणतात, जास्तीचे खाणे टाळले तर ते प्रायश्चित्त नव्हे, तो नुसता संयम. योग्य तेवढ्या जेवणातूनही कमी केले तरच प्रायश्चित्त. आणि ते जितके जास्त तितके चांगले, मात्र प्रकृती बिघडता कामा नये. स्पेनमधल्या मानरेसाला १५२२ च्या सुमारास ते नखे-केस वाढवून राहिले, आठवडाभर अन्नाला शिवले नाहीत, आणि शेवटी पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी खायला सांगितले तेव्हा त्यांनी खाल्ले. पोटाचे दुखणे मात्र जन्मभर पुरले. देह सेवेसाठी हवा, म्हणून तो जपावा, हे पुढे त्यांनी आपल्या संघातल्या लोकांना पुन्हा पुन्हा सांगितले. मला यातले ते खाणे सर्वांत मोठे वाटते. आठवडाभर उपाशी राहणे त्यांच्या मनासारखे होते. दुसऱ्याच्या सांगण्यावरून घास तोंडात घालणे मनाविरुद्ध होते. स्वतःला नाकारणे ते हेच, आणि माझ्या सगळ्या लेखाचा गाभा तोच होता.

मासळीवरून तुम्ही फार चिडलात. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण मी आपल्या शुक्रवारांना लावली, त्याचा तुम्हाला अपमान वाटला. मी ती पुन्हा लावते. मांस वर्ज्य करण्यामागे अक्वायनस यांनी दिलेले कारण असे की मांसाने जिभेला आणि देहाला जास्त सुख होते, म्हणून ते बाजूला ठेवायचे. जिथे मांस ही मेजवानी आणि मासा साधा, तिथे हे ठीक आहे. आपल्याकडे उलटे आहे. उपवासकाळातल्या शुक्रवारी मडगावच्या बाजारात उभे राहून बघा. इस्वणाच्या जाड तुकड्यांना आणि मोठ्या सुंगटांना (कोळंबीला) हात कोण घालते? त्याच पैशांत दोन दिवसांचे चिकन येईल. नियम अक्षरशः पाळला जातो, हे मान्य. पण रव्यात घोळून तळलेल्या इस्वणापुढे बसून ‘आज आमचा त्याग’ म्हणताना कोणाच्या मनात काही हलत नसेल, तर त्या मनाबद्दल बोलायचा मला हक्क आहे. माझ्या सासूबाई कोरेज्मातल्या शुक्रवारी भात आणि नुसती सोलांची कढी करतात. हे त्यांनी कोणाला सांगितलेले नाही. मी इथे लिहिले म्हणून त्या माझ्यावर रागावतील.

पूर्वज शुक्रवारी मांसाला हात लावत नसत आणि आम्ही बिघडलो, हेही तुम्ही लिहिले आहे. त्याच पूर्वजांच्या काळात पोर्तुगाल आणि त्याच्या वसाहतींत ‘बुला दा क्रुझादा’ नावाचे पत्र मिळत असे. ठरलेले दान देऊन ते घेतले की मांस, अंडी, दूध यांच्या बंधनातून बरीच सूट मिळे. म्हणजे ऐपत असलेल्याला तेव्हाही सोय होती आणि रोजंदारीवाल्याला तेव्हाही पेजच होती. मला पूर्वजांची नालस्ती करायची नाही. पण त्यांचे नाव घेऊन तुम्ही मला गप्प करू पाहता, म्हणून हे सांगावे लागले.

संतांबद्दल थोडक्यात. तुम्ही आसूड आणि काटेरी पट्ट्यांबद्दल लिहिलेत. मी बाणावलीत जन्मलेल्या संत जुझे वाझ यांच्याबद्दल लिहीन. १६८७ मध्ये ते भिकाऱ्याच्या वेशात, हगवणीने आजारी, श्रीलंकेतल्या जाफन्याला उतरले. १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली आणि रुग्णांना रानात सोडून दिले जाऊ लागले, तेव्हा ते आणि त्यांचा धर्मगुरू झालेला भाचा त्या टाकलेल्या माणसांना उचलून आणत, धूत, खाऊ घालत. देह तिथेही झिजला. पण झिजवायचा म्हणून नव्हे, समोरच्या माणसाला गरज होती म्हणून. १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबोत त्यांना संतपद मिळाले तेव्हा गोव्यातल्या घराघरांत टीव्हीसमोर लोक बसले होते, तुम्हीही बसला असाल.

मी वसईची, म्हणून बोलू नये, या मुद्द्यात मी जास्त शिरत नाही. ज्या साष्टीत मी राहते तिथेच थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट राहिला, आणि त्याचे मराठी ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राशोल इथे छापले गेले. त्याला कोणी परत जा म्हटले असते तर तुम्ही-मी ज्या भाषेत भांडतो आहोत तिच्यातला मोठा ठेवा हरवला असता. मी लग्न करून इथे आले, माझी मुले इथे कातेसिझ्मला, म्हणजे धर्मशिक्षणाच्या वर्गाला, गेली, माझ्या सासऱ्यांना मी इथल्याच सिमितरीत (दफनभूमीत) पोचवले. एवढे पुरे.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न : ‘मग तुम्ही स्वतः या चाळीस दिवसांत काय सोडता, ते तरी सांगा.’ नाही सांगणार. उपवास करताना तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, तो लोकांना दिसू देऊ नका, हे मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात आहे आणि राखेच्या बुधवारी प्रत्येक चर्चमध्ये तेच वाचले जाते. कपाळावर राख घेऊन तुम्हीही ते ऐकले असेल. तरी तुम्ही मला माझी यादी चारचौघांत मांडायला सांगता. मी ती मांडली असती तर तुम्ही तुमची मांडली असती आणि कोणाची मोठी यावर आपण पवित्र आठवड्यापर्यंत वाद घालत बसलो असतो.

बायबलमधल्या यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायाबद्दल मी लेखाच्या शेवटी लिहिले होते : भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा देणे हाच देवाला हवा असलेला उपवास. पाचव्या शतकात राव्हेनाचे बिशप पीटर क्रिसोलोगस यांनीही प्रार्थना, उपवास आणि दया ही तीन एकमेकांपासून तोडता येत नाहीत असे सांगितले. शुक्रवारचे इस्वण टाळून वाचलेले पैसे कोणाकडे जातात, हा माझा प्रश्न होता. तुमच्या एवढ्या लांब प्रतिक्रियेत त्याला एका ओळीचेही उत्तर नाही. ते असेल तर जरूर लिहा, मी जसेच्या तसे इथे ठेवीन. माझे माहेर, माझे पोट आणि माझे ताट यांवर पुन्हा लिहिलेत तर मात्र ते काढून टाकीन.