स्वॅबमध्ये जंतू सापडले म्हणून पेशंट हलवू नका

सिडको, इंदिरानगर, पंचवटी, नाशिकच्या बऱ्याच ग्रुपवर मेसेज फिरतोय की हॉस्पिटलच्या फरशीच्या, भिंतीच्या स्वॅबमध्ये (काडीने पुसून घेतलेल्या नमुन्यात) जंतू निघाले तर तिथे पेशंट ठेवू नका, आणि जे दर आठवड्याला असे स्वॅब घेत नाहीत ते फसवतायत. दोन्ही चुकीचं आहे.

माणसं वावरतात तिथे फरशीवर जंतू असणारच, आणि किती असलेले चालतात याची सर्वमान्य मर्यादाच नाहीये, मग रिपोर्टचा अर्थ लावणार कसा? म्हणूनच अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २००३ च्या गाइडलाइनमध्ये हवा, पाणी, फरशीचं सरसकट कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून बघणं) करत बसू नका असं सांगितलंय. एकाच वॉर्डात बऱ्याच जणांना एकसारखं इन्फेक्शन झालं की मात्र स्वॅब घेण्याला अर्थ असतो, तेही संशय आहे तिथूनच, म्हणजे सिंक, व्हेंटिलेटर, बेडचं रेलिंग, आणि तो जंतू पेशंटमधल्या जंतूशी जुळतो का ते बघायचं.

काही टेस्ट नियमित लागतातच. डायलिसिसचं पाणी दर महिन्याला तपासायचं असतं, ऑटोक्लेव्हमध्ये (उपकरणं वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात) आठवड्यातून किमान एकदा जिवंत स्पोअर, म्हणजे जंतूंचे चिवट बीजाणू, ठेवून ते मेले का बघायचं असतं. विचारायचंच तर हे रिपोर्ट विचारा ना, फरशीच्या रिपोर्टपेक्षा यातून कितीतरी जास्त कळतं. आणि डॉक्टर, सिस्टर पेशंटला हात लावायच्या आधी हँडरब (हाताला चोळायचं सॅनिटायझर) घेतात का हे तर बेडशेजारी बसूनच दिसतं, नसतील घेत तर बिनधास्त बोला.

तो मेसेज प्लीज पुढे पाठवू नका, घाबरून आयसीयूतला पेशंट हलवला तर जिवावर बेतू शकतं.