तिकट

जुलै लागला की कोथरूडच्या आमच्या फ्लॅटचं पुढचं दार फुगतं. यंदा इतकं फुगलं, की पोस्टमन आणि मी दोन्ही बाजूंनी एकाच वेळी ढकलत होतो. त्यात चौकटीला खालून वाळवी लागलेली. आईनं सुतारमामांना बोलावलं.

मामांनी दारावर टिचकी मारली, कानावरची पेन्सिल काढली. "नुसतं शटर बदलायचं का चौकटीसकट?"

"मामा, हे घर आहे. दुकान नाही."

मामा माझ्याकडे न बघता आईकडे बघू लागले. चौकटीत जे उघडतं-मिटतं, त्याला सुतार लोक शटर म्हणतात. हे आईला माहीत होतं.

"स्टाईल ४ इंची ठेवू?"

"स्टाईल वगैरे काही नको हो. साधंच करा."

"मग बिजागऱ्या काय हवेत मारू?"

दाराच्या उभ्या पट्ट्या म्हणजे स्टाईल, आडव्या म्हणजे रेल आणि मधल्या फळ्या म्हणजे पॅनेल. एव्हाना मी शरमेनं शहाणपणाकडे वळलो होतो. म्हटलं, पॅनेल चांगलं फेव्हिकॉल लावून घट्ट बसवा, खुळखुळायला नको.

मामांनी पेन्सिल परत कानावर ठेवली. "पॅनेल चिकटवायचं नसतं, साहेब. लाकूड पावसाळ्यात रुंदीला फुगतं, लांबीला जवळजवळ नाहीच. खाचेत हलायला जागा नसली तर उन्हाळ्यात आकसताना फाटतं."

पुण्यात कुणाला तरी हलायला जागा मिळतेय, हे ऐकून बरं वाटलं.

मग मामांनी सिगारेटच्या पाकिटावर चौकट काढली. दोन उभी, वर एक आडवं. खाली मोकळं.

"आणि उंबरा?"

"आता कोण घालतं? ठेचा लागतात. मार्बलची पट्टी टाका."

इथे मात्र माझं मराठी उसळलं. शटर-स्टाईलपुढे मान खाली घातली होती, पण हा प्रांत माझा. "चौ म्हणजे चार, मामा. तीन लाकडांची चौकट कशी होईल? ही तिकट झाली!"

"हळदकुंकू काय मार्बलला वाहू?" आईनंही री ओढली.

मामांनी चौथी रेघ ओढली. "साडेतीन फूट, ४ बाय अडीच इंच, भागिले १४४..." मी मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर शोधेपर्यंत उत्तर आलं, "पाव घनफूट वाढलं. सागवान आहे हां." भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटातून येताना रिक्षात ते पाव घनफूट मी मांडीवर घेऊन बसलो होतो. माझ्या शब्दप्रेमाची किंमत पावतीवर वेगळ्या ओळीत होती.

दार बसलं. बोट लावलं तरी फिरतं, लागताना नुसतं 'टक्' म्हणतं. कौतुकानं दोन पावलं मागे सरलो, फोन वाजला म्हणून धावत आत निघालो आणि उजव्या पायाचा अंगठा उंबऱ्यावर असा आपटला, की मी खालीच बसलो.

मामा आर्किट्रेव्हला, म्हणजे चौकट आणि भिंतीमधली फट झाकणाऱ्या पट्टीला, शेवटचे खिळे मारत होते. मान न वळवता म्हणाले, "मोजली का चारही?"