‘खरा विश्वासणारा मत देत नाही’ या संदेशाला सोलापुरातून उत्तर

निवडणूक जवळ आली की आमच्या सोलापुरातल्या ख्रिस्ती मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक लांबलचक मजकूर फिरू लागतो. सार असं: आपलं नागरिकत्व स्वर्गात आहे, प्रभूचं राज्य या जगाचं नाही, प्रेषितांच्या मंडळीत, म्हणजे पहिल्या चर्चमध्ये, कधी निवडणूक झाली नाही, राजकारणात सगळेच मळलेले, त्यांना मत दिलं की त्यांच्या पापात वाटा, बोटावरची शाई ही बायबलच्या प्रकटीकरणातल्या, देवाविरुद्ध उठणाऱ्या श्वापदाची खूण, आणि आपण मूठभर, आपल्या मतानं काय होणार? म्हणून त्या दिवशी घरी बसून प्रार्थना करा.

गेल्या खेपेला तो मला माझ्याच वर्गात शिकलेल्या एका मुलीनं पाठवला, खाली ‘आमेन’ लिहून. आता ती दोन लेकरांची आई आहे. तिच्या श्रद्धेबद्दल मला तिळमात्र शंका नाही, म्हणूनच हे लिहायला बसले. मजकुरात वचनांचा आधार घेतलाय, तेव्हा उत्तरही वचनांतूनच देते.

‘आपले नागरिकत्व स्वर्गात आहे’ हे प्रेषित पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रातलं वचन, 3:20. पण ते पत्र कोणत्या गावाला गेलं ते बघा. फिलिप्पै ही रोमन वसाहत, आणि रोमी नागरिकत्वाला तिथं मोठा मान. त्याच गावात पौल आणि त्याचा साथीदार सीला यांना चौकशी न करता फटके मारून तुरुंगात टाकलं होतं (प्रेषितांची कृत्ये 16). सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप धाडला, सोडून द्या त्यांना. पौल जागचा हलला नाही. आम्ही रोमी माणसं, आम्हाला चारचौघांत मारलं आणि आता गुपचूप घालवता? त्यांनी स्वतः यावं आणि आम्हाला बाहेर न्यावं, असं त्यानं कळवलं. अधिकारी घाबरून आले आणि विनवण्या करू लागले. पुढं यरुशलेमेत फटके बसायच्या आधी त्यानं पुन्हा नागरिकत्व सांगितलं आणि कैसरियात थेट कैसराजवळ, म्हणजे रोमी सम्राटाजवळ, दाद मागितली. मला तर वाटतं, फिलिप्पैतला तो हट्ट स्वतःसाठी कमी आणि मागं राहणाऱ्या नव्या मंडळीसाठी जास्त होता. तिच्यावर हात टाकताना अधिकाऱ्यांनी दोनदा विचार केला असता.

‘माझे राज्य या जगाचे नाही’ हे प्रभू येशू रोमी सुभेदार पिलाताला म्हणाला, आणि त्याच वचनात (योहान 18:36) त्याचा अर्थही दिलाय: ते या जगाचं असतं तर माझे सेवक लढले असते. नकार तलवारीला आहे. मत ही तलवार नव्हे. तलवार न उपसता राज्यकर्ता बदलता यावा म्हणून तर ते आहे.

प्रेषितांच्या मंडळीत निवडणूक झाली नाही, हे मात्र साफ चूक आहे. कृत्ये 6 उघडा. यरुशलेमेच्या मंडळीत कुरकुर सुरू झाली की ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांना रोजच्या अन्नवाटपात डावललं जातं. म्हणजे भांडण रेशनचं आणि भाषेचं! नुसती प्रार्थना करा, होईल सगळं ठीक, असं बारा प्रेषित म्हणाले नाहीत. त्यांनी सगळ्या शिष्यांना बोलावून सांगितलं की तुमच्यातले सात जण तुम्हीच निवडा. नावलौकिकाचे, आत्म्यानं भरलेले, शहाणे. मंडळीनं निवडले, मग प्रेषितांनी प्रार्थना करून त्यांच्यावर हात ठेवले. स्तेफन, फिलिप्प, तीमोन... सातांचीही नावं ग्रीक आहेत. ज्यांच्या विधवा उपाशी राहत होत्या, बहुधा त्यांच्यातलीच माणसं वाटपावर आली.

सोलापूरकराला हा अध्याय परका वाटूच नये. इथं एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू कानावर पडते. उजनी धरण भरलेलं असलं तरी नळाला रोज पाणी येत नाही. विड्या वळून घर चालवणाऱ्या बायका पाण्याचा दिवस चुकला तर हवालदिल होतात. कोणत्या भागाला किती दिवसांनी पाणी सोडायचं, हे कुणीतरी ठरवतंच ना? 2022 मध्ये मुदत संपल्यावर आपली महापालिका जवळजवळ चार वर्षं प्रशासकाच्या हाती होती. गाऱ्हाणं घेऊन जायला निवडून दिलेला नगरसेवकच नव्हता.

आमोस संदेष्टा (5:15) वेशीत न्याय स्थापायला सांगतो. त्या काळी वडीलधारे गावाच्या वेशीत बसत आणि तंटे तिथंच निवाड्याला येत. बाळीवेस, तुळजापूर वेस, विजापूर वेस ही नावं रोज तोंडी असणाऱ्यांना ‘वेस’ समजावून सांगायला नको. शिवाय इथली जुनी प्रॉटेस्टंट मंडळी अमेरिकन मराठी मिशनच्या कामातून उभी राहिली, आणि त्या मिशनची परंपरा काँग्रिगेशनल, म्हणजे मंडळीचा कारभार सभासदांनी मिळून ठरवायचा. मंडळीचे पंच निवडताना मत देणं आपल्याला पाप वाटत नाही. मग शहरासाठी दिलं तर ते पाप कसं?

सगळेच मळलेले, हा मुद्दा मी उडवून लावणार नाही. मनाला पटेल असा एकही उमेदवार नाही, असं मलाही वाटलेलं आहे. पण 2013 पासून यंत्रावर ‘नोटा’चं बटण आहे, नापसंतीसुद्धा केंद्रावर जाऊन नोंदवता येते. आणि पापाचंच बोलायचं तर ते पाकिटाचं बोलू या. निर्गम 23:8 सांगतं, लाच घेऊ नको, ती डोळसांना आंधळं करते. मतासाठी पैसे देणारा आणि घेणारा, कायद्यानं दोघंही गुन्हेगार. हे व्यासपीठावरून ठणकावून सांगायला हवं. मिझोरममध्ये प्रेस्बिटेरियन चर्चच्या पुढाकारानं 2006 मध्ये मिझोरम पीपल्स फोरम उभा राहिला. तो कुणाला मत द्या असं सांगत नाही. उधळपट्टी आणि जेवणावळींना आळा घालतो, सगळ्या उमेदवारांना एका मंचावर बोलायला लावतो. त्यांनी घरी बसून हात स्वच्छ ठेवले नाहीत, निवडणूकच स्वच्छ करायला घेतली.

शाईचं थोडक्यात. प्रकटीकरण 13 मधली खूण उजव्या हातावर किंवा कपाळावर आहे, आणि तिच्याविना कुणाला खरेदी-विक्री करता येत नाही. शाई लावतात डाव्या तर्जनीला. मी स्वतः मतदान केंद्रावर बसून ती शेकडो बोटांना लावली आहे. एकानं दोनदा मत देऊ नये, एवढंच तिचं काम.

राहिलं मूठभर असण्याचं. 2018 ला त्याच मिझोरममध्ये तुइवॉलची विधानसभेची जागा 3 मतांनी ठरली. पण समजा फरक 3 लाखांचा असता, तरी मी गेलेच असते. पंडिता रमाबाई 1889 च्या मुंबई काँग्रेसला प्रतिनिधी म्हणून गेल्या, तेव्हा या प्रांतात बाईला मतच नव्हतं. ते 1921 ला मिळालं. आपली लोकसभेची जागा 2009 पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे, आणि अनुसूचित जातींची यादी ठरवणाऱ्या 1950 च्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलिताला ती लढवता येत नाही. त्याच आदेशात शिखांचा समावेश 1956 ला झाला, बौद्धांचा 1990 ला, दोन्ही वेळा संसदेनं कायदा बदलून. उमेदवारी नाकारलेल्या माणसानं हातातलं मतही सोडून द्यायचं?

याच्या उलट टोकाचा संदेशही येतो: ख्रिस्ती असाल तर अमक्यालाच मत द्या, नाहीतर देव शिक्षा करील. तोही पुढं पाठवू नका. देवाच्या कोपाची भीती घालून मत वळवणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्यानं भ्रष्ट मार्ग आहे. पाळकसाहेबांनी नीतीबद्दल जरूर बोलावं. पण बटण दाबताना तिथं आपण आणि देव, तिसरं कुणी नाही.

त्या मुलीला मी उत्तर पाठवलं. लग्नानंतर तिचं बिऱ्हाड जुळे सोलापुरात गेलं, नाव अजून माहेरच्या यादीत आहे. पत्ता बदलायला नमुना 8 भरावा लागतो. रविवारी उपासनेनंतर वीजबिल आणि आधार घेऊन ये, आपण मिळून भरू, असं लिहिलंय.