मेथी कुजली त्या रविवारबद्दल

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया आली त्याच रात्री उत्तर लिहायला बसले होते, पण लिहिलेलं पुसून टाकलं. रागात लिहिलं असतं तर नुसती बाजू मांडली असती, आणि तुम्ही लिहिलंय त्यातलं निम्मं तरी खरं आहे.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. नागपंचमी ते दिवाळी, बारा रविवार, २४ घरांनी मिळून ३० गुंठ्यांत माळवं, म्हणजे भाजीपाला, पिकवायचं आणि जे येईल ते वाटून घ्यायचं, असं आमचं यंदा चाललंय. घरटी २,४०० रुपये, सगळे आधी. त्यावर ताईंचं म्हणणं असं: पैसे आमचे, पण भाजी कुठली ते तुम्ही ठरवणार. ऑगस्टमधल्या एका रविवारी मिळालेला वाटा चाळीस रुपयांचासुद्धा नव्हता. पाऊस पडला तर तोटा आम्ही का सोसायचा? हे अमेरिकेतलं खूळ बेळगावात कशाला? आणि शेवटचं, जे मला सगळ्यात जास्त लागलं: दारावर भाजीची बुट्टी (टोपली) घेऊन येणाऱ्या बायकांच्या पोटावर तुम्ही पाय देताय.

आधी त्या रविवारचं सांगते. आश्लेषा संपत आल्या होत्या आणि सलग नऊ दिवस ऊन दिसलं नव्हतं. पहाटे सहाला मी आणि चुलतभावाची बायको मेथी उपटायला वाफ्यात उतरलो. वरून बघाल तर वाफा हिरवागार. मूठभर धरून ओढली तर पाला हातात आला आणि मुळं चिखलात राहिली. देठ बुडाशी काळा पडून चिकट झाला होता, आणि त्याला शेवाळलेल्या हौदासारखा वास येत होता. एकेक वाफा बघत गेलो. अकरा वाफ्यांतून चार धड पेंड्या निघाल्या नाहीत. राजगिऱ्याची पानं मातीच्या शिंतोड्यांनी बरबटलेली. कोथिंबीर तर आधीच आडवी झाली होती. मांडवावर दोडका होता, परड्यात अळू होतं, तांबडे भोपळे होते. सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत, पोती अंथरून आम्ही २४ वाटे लावले: दोन दोडके, अळूची एक पेंडी, भोपळ्याची एक फोड, ओंजळभर भेंडी. चाळीस रुपये हा तुमचा हिशेब मी खोडत नाही. असलाच तर दोन-पाच रुपये इकडं तिकडं.

चूक कुठं झाली तेही मला ठाऊक आहे. शुक्रवारीच आम्हाला मेथीचं कळलं होतं. तेव्हाच निरोप द्यायला हवा होता, म्हणजे तुम्ही शनिवारी बाजारातून भाजी आणून ठेवली असती. उघडीप झाली तर थोडी तरी वाचेल, या आशेवर आम्ही गप्प राहिलो. त्या रविवारी घरी पाहुणे होते आणि पिशवीत दोन दोडके निघाले, असं तुम्ही लिहिलंत. वाचून मला फार वाईट वाटलं. त्यानंतर दर शुक्रवारी रात्री काय येणार, काय नाही, ते मराठी आणि कन्नड दोन्हींत लिहून पाठवायला सुरुवात केली आहे.

आता पैसे आधी का घेतो ते. हे सगळं ज्याच्यामुळं सुरू झालं ते मी आजवर नीट लिहिलंच नव्हतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा माझ्या चुलतभावाचा कोबी मार्कंडेय नदीच्या काठाला, खालच्या रानात होता. लावणीसाठी त्यानं एका अडत्याकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतली होती. इकडं ही रीत जुनी आहे: मे-जूनमध्ये रोपं, शेणखत, भांगलणीची मजुरी सगळं एकदम अंगावर येतं, हातात रोकड नसते, मग उचल घ्यायची आणि माल त्याच्याच दुकानात लावायचा. कोबी पाण्याखाली गेला, उचल मात्र तशीच राहिली. पुढचे दोन हंगाम त्यानं त्याच दुकानात, समोरचा म्हणेल त्या दरानं माल घातला. दर कमी आहे म्हणून दुसऱ्या दुकानी जायची सोय नव्हती. कोबीनं भरलेली गाडी घेऊन पहाटे गेलेला माणूस डिझेलचेही पैसे सुटले नाहीत म्हणून परत येऊन जोत्यावर बसलेला मी पाहिलाय. आणि तो दर तरी कुठं ठरतो? बेळगावचं माळवं रोज चोर्ला घाटानं गोव्यात उतरतं. घाटात दरड आली, गाड्या अडकल्या की इथल्या बाजारात त्याच दिवशी दर पडतो. राबणाऱ्याच्या हातात त्यातलं काहीच नसतं.

तुमचे २,४०० रुपये त्या उचलीच्या जागी आले आहेत. २४ घरांचे मिळून ५७,६०० रुपये. मृगाच्या आधी शेणखत पडलं, बी-रोपं आली, भांगलणीला येणाऱ्या पाच बायकांची मजुरी त्याच आठवड्यात हातावर ठेवता आली. वही सोप्यात खुंटीला टांगलेली असते, कुणीही उघडून बघावी. ऑगस्टमधल्या पावसानं नुकसान झालं ते २४ घरांत वाटलं गेलं. तुमच्या वाट्याला एका रविवारची मेथी आली नाही. हेच नुकसान एकट्या भावाच्या अंगावर आलं की काय होतं, ते आम्ही २०१९ मध्ये बघितलंय. पाऊस पडला तर तोटा आम्ही का सोसायचा, असं तुम्ही विचारलंत. मला वाटतं सोसावा, कारण जेवतो आपण सगळेच. पण ही अट भरती करतानाच ठळक सांगायला हवी होती. ‘ताजं, घरचं, बिनफवारणीचं’ एवढंच सांगून आम्ही लोकांना बोलावलं, हा आमचा दोष.

बाजारापेक्षा स्वस्त पडतं असं मात्र मी कधीच लिहिलेलं नाही, आणि लिहिणारही नाही.

भाजी निवडता येत नाही, हे खरं. सप्टेंबरात तीन रविवार दोडका आला, माझ्या घरीही मुलांनी ताट सरकवलं. टोमॅटो का नाही, असं तुम्ही विचारलंय. आपल्याकडच्या पावसात टोमॅटोवर करपा येतो; त्याला टिकवायचं तर आठवड्याला फवारे मारावे लागतात, आणि ते करायचं नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवलंय. तो थंडीत येईल. आता सोप्यात एक रिकामी बुट्टी ठेवली आहे. घरात खात नाहीत ते तिच्यात ठेवायचं, दुसऱ्यानं ठेवलेलं हवं ते उचलायचं. बावची (गवारी) नको असलेल्यांची बावची जाते आणि शेपू येतो. शेपूला सबसगी म्हणणाऱ्या एक कन्नड मावशी आमच्यात आहेत. कोवळी मेथी कच्चीच चिरून, कांदा, शेंगदाण्याचं कूट आणि वर फोडणी घालून केलेली त्यांची पचडी भाकरीबरोबर खाल्ली, तेव्हापासून आमच्यातली चार घरं मेथी शिजवायचीच विसरली आहेत. तुम्हीही करून बघा.

वाटे कसे लागतात तेही सांगते, कारण ‘ओळखीच्यांना चांगलं जातं’ असंही तुम्ही सुचवलंय. जो वाटे लावतो त्यानं सगळ्यात शेवटी उरेल तो वाटा उचलायचा. गावात मटणाचे वाटेही असेच लागतात. मी लावले त्या रविवारी माझ्या घरी तडकलेला मुळा आणि किडकं वांगं आलं.

अमेरिकेचं म्हणाल तर तिथं १९८६ मध्ये मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायर इथल्या दोन शेतांवर असा प्रकार सुरू झाला हे खरं. पण त्याच्याही आधी जपानमध्ये शेतकरी आणि शहरातली घरं अशीच जोडली गेली होती. १९७१ मध्ये तिथं सेंद्रिय शेतीची संघटना उभी राहिली. या नात्याला ते ‘तेइकेइ’ म्हणतात, आणि १९७८ साली त्याची दहा तत्त्वं लिहिली गेली. त्यातलं एक असं की शेतातून जे येईल ते सगळं घरानं घ्यायचं. मला ते वाचायच्या कितीतरी आधीपासून पैरा माहीत आहे. आज तुझ्या भाताची लावणी, उद्या माझ्या. पैशाची देवघेव नाही, पण कुणी चुकवतही नाही. माझी आई आजही कुणाच्या पैऱ्याला किती दिवस गेलो होतो ते बोटांवर मोजून सांगते. आमचं सगळं त्यातूनच आलंय.

आता बुट्टीवाल्या बायकांचं. माझी आजी डोक्यावर बुट्टी घेऊन बेळगावच्या शहापुरात माळवं विकायला यायची. संध्याकाळी उरलेल्या पेंड्या पडेल त्या भावाला देऊन घरी परतायची, कारण कुजक्या भाजीचं ओझं कोण परत नेणार. म्हणून तुमचं ते वाक्य मला झोंबलं, आणि म्हणूनच ते टाळून पुढं जाता येत नाही. आमच्या गल्लीत ज्या मावशी येतात त्यांची या हंगामात चार गिऱ्हाइकं कमी झाली. मी त्यांना विचारलं, तुम्हीही या की आमच्यात, तुमच्या रानातलं घेऊ. त्या म्हणाल्या, “मला रोजचा पैसा रोज लागतो गे. आठवड्याचं तुमचं मला झेपत नाही.” यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, अजूनही नाही. त्यांच्याकडून लिंबं, आलं, मिरची मी घेते, घासाघीस न करता घेते, पण त्यानं चार घरांची भाजी भरून निघत नाही. पुढच्या हंगामात कमी पडणाऱ्या आठवड्यांची भाजी बाजारातून न आणता त्यांच्याकडून रोख घ्यावी, असं मी बैठकीत मांडणार आहे. ते सुचलं तुमच्यामुळं.

शेवटी तुमचं स्वतःचं. आठ रविवार झाले, चार राहिले. सोडायचं असेल तर ८०० रुपये परत देऊ. त्यात कसलीही नाराजी नाही. बाहेर एक घर वाट बघत आहे. राहायचं असेल तर येत्या रविवारी स्वतःच या. रताळ्याची पहिली काढणी आहे. आषाढात सरीवर वेल लावले होते, तांबड्या मातीत पोसलेत छान. शिवाय नवरात्रातल्या उपवासाला लागतीलच. खुरपं आमच्याकडं आहे, जुनी साडी नेसून या. वाटा नऊपर्यंत सोप्यात ठेवते. काय ते शुक्रवारपर्यंत कळवा.