दहा सेकंदांत गाडी, म्हणे!

‘कोरियातल्या उल्सानच्या कारखान्यात दहा सेकंदांत गाडी बनते. आत माणूस औषधालाही नाही, सगळे रोबोट. हुंदाईने पहिल्या दिवसापासून स्वतःचीच गाडी काढली. पोरांना आयटीआयला घालू नका.’ नाशिकच्या सिडको-अंबडचे ग्रुप फिरून हा मेसेज आमच्या ताईकडे पोचला आणि तिने भाच्याचा फिटरचा फॉर्मच अडवला. म्हणून हा खटाटोप.

आधी दहा सेकंद. उल्सानमधून दिवसाला साधारण ६,००० गाड्या निघतात. आठ-आठ तासांच्या दोन पाळ्या म्हणजे ५७,६०० सेकंद. भागा, ९.६ येतात. आकडा खरा, पण तो एकामागून एक बाहेर पडणाऱ्या दोन गाड्यांमधल्या वेळाचा, आणि तोही एकाच आवारातल्या पाच कारखान्यांचा मिळून. एकेका गाडीचे नुसत्या पेंट शॉपमध्येच कित्येक तास जातात: बुडवा, भट्टीत घाला, रंग मारा, परत भट्टी. नाशिकहून दर दहा मिनिटांनी पुण्याची बस सुटली म्हणून पुणं दहा मिनिटांवर येतं का?

‘माणूस औषधालाही नाही’ हे तर धादांत खोटं. तिथे तीस हजारांच्या आसपास लोक कामाला आहेत! बॉडी शॉपमध्ये, म्हणजे गाडीचा सांगाडा जोडतात तिथे, वेल्डिंग रोबोटच करतात, हे मान्य. पण पुढे असेंब्लीला या. वायरिंग हार्नेस, म्हणजे गाडीतल्या वायरींचा जुडगा, लोंबकळतो, दर वेळी वेगळाच वळतो. तो डॅशबोर्डामागे बोटांनी सरकवून कनेक्टर ‘टक्’ वाजेपर्यंत दाबावा लागतो. टेस्लाने नको तितकं काम मशीनवर टाकलं, उत्पादन रखडलं, आणि एप्रिल २०१८ मध्ये खुद्द इलॉन मस्कने जाहीर लिहिलं की अति ऑटोमेशन ही चूक होती, माणसाला कमी लेखलं जातं. आता मस्कपेक्षा मेसेजवाल्याला जास्त कळत असेल तर बोलणंच खुंटलं.

राहिला इतिहास. उल्सानची सुरुवात १९६८ मध्ये फोर्डची कॉर्टिना जोडण्यापासून झाली. हुंदाईची स्वतःची गाडी, पोनी, आली ती १९७५ मध्ये.

आणि रोबोट असले तरी त्यांच्या वेल्डिंग गनच्या तांब्याच्या टिपा झिजतात, केबल तुटतात, सेन्सर रुसतात. तेव्हा हाक कुणाला मारतात? मेंटेनन्सच्या फिटर-इलेक्ट्रिशियनलाच. कायम नोकरी मिळणं अवघड झालंय, कंत्राटावर राबवतात, ही तक्रार मात्र खरी. सातपूर-अंबडमधल्या कुठल्याही पोराला विचारा. पण त्याबद्दल मेसेजात अवाक्षर नाही.